जपानचा समुद्र मिटवून बघायचा तर सुरुवात कुठून करायची?

सयाजीबाग_जिओ: बडोद्यात एमएस्सी जिओलॉजी करतोय, सेमिनारला जपानचा समुद्र घेतलाय, तो उघडण्याआधी जपान कुठे होता ते मांडायचंय. अटलांटिकमध्ये तळावरचे चुंबकीय पट्टे (मध्यभागी नवा तळ तयार होताना खडकात उमटलेले) दोन्ही बाजूंनी जुळवत मागे जाता येतं, पण इथे पट्टे उत्तरेच्या जपान बेसिनमध्ये (बेसिन म्हणजे तळाचा खोलगट भाग) थोडेफार वाचता येतात आणि यामातो बेसिनमध्ये सगळंच पुसट. मग जपान आशियाला चिकटलेला होता हे ठरवलं कशावरून?

पावागडवाला: पुसट का, ते आधी बघ. १९८९ला ओडीपी या समुद्रतळ ड्रिलिंगच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या जहाजाने तिथे ड्रिलिंग केलं तेव्हा यामातो बेसिनमध्ये बेसाल्ट ओल्या गाळात सिल (थरांमध्ये आडवी पसरलेली चादर) होऊन घुसलेला मिळाला, असं थरांत घुसत गेलं तर स्वच्छ पट्टे उमटणार कुठून. म्हणून मोठा पुरावा जमिनीवर आहे. लाव्हा थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळची उत्तर दिशा धरून ठेवतात. नैऋत्य जपानातल्या जुन्या खडकांत ही उत्तर ४० अंशांहून जास्त पूर्वेकडे वळलेली आहे, आणि साधारण १.५ कोटी वर्षांपेक्षा नव्या खडकांत ती जागेवर! ईशान्य जपानात उलटं, पश्चिमेकडे. दोन फळ्यांचं दार उघडावं तसं. आपल्या डेक्कन ट्रॅपवरही हीच पद्धत वापरली, ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हे त्यातूनच दिसतं. पावागडही त्याच लाव्हाचा, एकदा जाऊन ये.

बेसिनवाली_ताई: काका, दाराचं मॉडेल मलाही आवडतं पण त्याला सगळं उत्तर समजू नये. चुंबकत्वावरून किती अंश फिरलं ते कळतं, अक्षांशही कळतो, पण रेखांश कळत नाही आणि बिजागरी नेमकी कुठे होती तेही नाही. शिवाय ईशान्येला छोटे छोटे ब्लॉक फॉल्टजवळ वेगवेगळे फिरलेत, ते आकडे अख्ख्या ईशान्य जपानाला लावले की गडबड होते. दुसरा एक गट तर म्हणतो की मोठ्या उजव्या स्ट्राइक-स्लिप फॉल्टवर (जिथे दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात) सरकत सरकत समुद्र ताणून उघडला, आणि मला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं.

सयाजीबाग_जिओ: मग नकाशावर किनाऱ्याला किनारा लावून चालेल का ताई?

बेसिनवाली_ताई: अजिबात नको रे! मध्ये यामातो बँक हा समुद्राखालचा उंचवटा आहे, तिथे ग्रॅनाइट मिळतो, म्हणजे तो खंडाचाच तुटलेला तुकडा, त्याला जागा ठेवायलाच हवी. जपान बेसिनमधला खरा महासागरी क्रस्ट (कवच) तेवढा काढून टाक, आणि कडेचा ताणून पातळ झालेला खंडाचा क्रस्ट परत जाड कर, म्हणजे रुंदी आपोआप कमी होईल. मग मध्य जपानातल्या हिदा पट्ट्यातले जुने खडक कोरियाच्या खडकांसमोर येतात का ते तपास. येत नसतील तर ज्या बिंदूभोवती जपान फिरवलास तो बदलून परत बघ.