भेंडाची गोळी कंगव्याला चिकटून राहते : कोणता भेंड वापरावा?

नमस्कार. सातवीच्या वर्गाला स्थितिक विद्युत शिकवताना मला भेंडाच्या, म्हणजे खोडातल्या मऊ हलक्या गाभ्याच्या, गोळीचा जुना प्रयोग दाखवायचा आहे. जॉन कँटन यांनी १७५४ मध्ये प्रभार ओळखण्यासाठी अशाच गोळ्या वापरल्या होत्या. दोऱ्याला टांगलेली गोळी घासलेल्या कंगव्याकडे ओढली जावी आणि स्पर्श होताच समान प्रभार मिळून दूर ढकलली जावी, इतकीच अपेक्षा आहे.

आमच्या सोलापूर भागात शाळूच्या ताटांना तोटा नाही आणि लहानपणी त्याच भेंडाच्या बैलगाड्या केल्यामुळे मी दुसरे काही शोधले नाही. एका पेराची साल सोलून ब्लेडने हरभऱ्याएवढी गोळी कोरली आणि शिवणाच्या सुती दोऱ्याने टांगली. ब्लेडबरोबर भेंडातले धागे उपसून आले, त्यामुळे गोळी एका बाजूने खडबडीत झाली. ताट पुरते वाळलेले नसावे, कारण दुसऱ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या. उन्हात वाळवून पुन्हा प्रयोग केला, तेव्हा गोळी कंगव्याकडे गेली खरी, पण तिथेच चिकटून राहिली. "बाई, तिला कंगवा आवडला," असा निष्कर्ष मुलांनी काढला.

घरात जुन्या बाशिंगाचा पांढराशुभ्र, कापसासारखा हलका तुकडा आहे. तोही भेंडच म्हणवतो. तो चालेल का, की दोष दुसरीकडे आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

दोष मुख्यतः दोऱ्याचा आहे. सुती दोरा हवेतला ओलावा धरतो आणि गोळीला मिळालेला प्रभार त्यावाटे निघून जातो, म्हणून ती दूर न जाता ओढलेलीच राहते. रेशमाचा किंवा नायलॉनचा बारीक धागा घ्यावा. कोरडा भेंड विजेचा मंदवाहक असल्यामुळे गोळीवर मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे, म्हणजे प्रभार सगळ्या पृष्ठभागावर पसरेल.

आता भेंडाविषयी. ज्वारी एकदलिकित असल्याने तिच्या वाहिन्यांचे जुडगे ताटभर विखुरलेले असतात. आपल्याला उपसून आलेले धागे तेच. द्विदलिकित रोपात हे जुडगे कडेने वर्तुळात असतात आणि मधोमध पातळ भित्तिकांच्या पेशींचा निव्वळ भेंड राहतो. पेशी मृत होऊन त्यांत हवा भरली की तो हलका होतो. आपल्या भागात सूर्यफूल होते. कणसे काढल्यावर शेतात उभे वाळलेले जाड खोड चिरावे, आतली पांढरी कांडी बिनधाग्याची असते.

बाशिंगाचा भेंड पाणथळ जागी वाढणाऱ्या रोपाचा असतो. गंमत अशी की वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो भेंड नसून लाकूडच आहे. खरा भेंड त्याच्या मध्यभागी अगदी बारीक असतो. गोळीसाठी मात्र तो उत्तम, फक्त पाते धारदार हवे, नाहीतर कडा चेपतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आभारी आहे. बाशिंगाच्या तुकड्याची गोळी रेशमी धाग्याला टांगली, शिसे घासले. आज सकाळी ती कंगव्याला टेकून झटक्यात दूर गेली आणि कंगवा पुढे नेला तसतशी मागे सरकत राहिली. सूर्यफुलाची खोडे शनिवारी आणणार आहे.