सिनेमाच्या मेकअपमध्ये उतरायचं तर पहिलं बिऱ्हाड कुठे? मी म्हणते वडसा

झाडीची लेक (आरमोरी तालुका)

माझी मामेबहीण बारावी झाली. तिला सिनेमाच्या मेकअपमध्ये जायचंय, पार्लर टाकायचं नाही. तेव्हापासून घरात एकच धोशा आहे, मुंबईला पाठवा. धानाचा चुकारा हाती आला की मामाजी अंधेरीतल्या कोर्सची फी आणि खोलीचं डिपॉझिट भरणार आहेत. माझा याला विरोध आहे. कारण सांगते, ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर उलटं लिहा.

पहिलं बिऱ्हाड वडशात, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजात करावं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत रात्री कुठे ना कुठे नाटक असतंच. कंपन्यांची कार्यालयं वडशात, गाड्या तिथूनच सुटतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया अशा चारही जिल्ह्यांत फिरतात. रंगभूषा करणाऱ्यासमोर रोज सगळी पात्रं येऊन बसतात. म्हातारा पाटील, फौजदार, दारुडा, खलनायक, नर्तकी. पहिल्या अंकातला तरणा नट पुढच्या अंकात म्हातारा होतो आणि तो बदल पडद्यामागे भराभर उरकावा लागतो. क्रेपच्या खोट्या केसांची दाढी, ती चिकटवायचा स्पिरिट गम, खोटं रक्त. हात बसायला याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही. मुंबईत नव्या मुलीच्या वाट्याला सुरुवातीला ब्रश धुणं आणि पफ घेऊन उभं राहणं येतं. आणि ही रंगभूमी काही कमी दर्जाची नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती इथल्याच कामासाठी.

मुक्काम नायगाव

ताई, मी गोंदिया जिल्ह्यातलाच. सध्या मालिकांच्या सेटवर मेकअप असिस्टंट आहे. तुमचं मत मला मान्य नाही.

नाटकात मागच्या रांगेलाही चेहरा दिसावा लागतो, म्हणून रंग जाड आणि रेघा ठळक. कॅमेरा भुवईचा एकेक केस दाखवतो. ती जाड लावायची सवय हातात मुरली की काढताना जीव जातो. हे मी सोबतच्या पोरांमध्ये पाहतो. दुसरं म्हणजे कंटिन्युइटी. कपाळावरच्या जखमेचा सीन आज होतो, त्याचाच पुढचा तुकडा चार दिवसांनी. जखम तेवढीच, त्याच जागी, तेवढीच सुकलेली पाहिजे. दर सीनला फोटो काढून ठेवायचे आणि त्यावरून पुन्हा तंतोतंत करायचं. नाटकात ही शिस्त लागतच नाही, मग शिकणार कुठून?

आणि काम मिळतं कसं ते ऐका. रात्री फोन येतो, ‘उद्या सकाळी सातला एक जण कमी आहे, येतेस?’ जी येते तिला पुढच्या वेळी पुन्हा फोन. वडशात बसून त्या फोनला काय उत्तर देणार? मोठ्या कामांची माणसंही इथूनच उचलली जातात. मुंबईत काम करणाऱ्या विक्रम गायकवाड यांना रंगभूषेचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘मोनेर मानुष’साठी मिळाला, म्हणजे बंगाली सिनेमासाठी.

मात्र अंधेरी नकोच. मालिकांचे बरेच सेट मीरा रोड, नायगाव, घोडबंदर, मढ या बाजूला आहेत. नायगाव-वसईकडे खोली तिघी-चौघींत घ्यावी, भाडं निभतं. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि दलालाचं एक भाडं एवढे पैसे आधी बाजूला काढा. कोर्सची फी त्यानंतर.

काकाजी वरोरेवाले

अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीले एकटीले मुंबईले धाडाचं? माह्या पोरीले मी नसतं धाडलं बापा. अन् बाईमाणसाले थ्या लाइनीत युनियनचं मेकअपचं कार्डच भेटत नाही म्हनते, नुसते केस करू देते. मंग काहून एवढा पैसा लावता?

चंद्रपूर कोर्ट

काकाजी, काळजी समजते, पण कार्डाचं आता तसं राहिलं नाही. मुंबईच्या संघटनेच्या नियमात बाईला फक्त हेअर ड्रेसर म्हणून घेत होते आणि मेकअप पुरुषांसाठी राखीव होता, हे खरं. पण चारू खुराना आणि इतर मेकअप करणाऱ्या बाया सुप्रीम कोर्टात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी कोर्टाने तो नियम रद्द केला. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्य असण्याची अटही त्याच निकालात गेली. म्हणजे कार्डासाठी आधीपासून मुंबईत येऊन राहण्याची गरज नाही. घर कुठे करायचं ते कामावरून ठरवा, या भीतीवरून नको.

गोदावरीकाठ (सिरोंचा)

सगळे मुंबई-मुंबई का करता ते मला समजत नाही. गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा. बल्लारशाहून काजीपेठमार्गे हैदराबाद मुंबईच्या मानाने किती जवळ आहे. सिरोंचा, अहेरी, राजुऱ्याकडच्या घराघरांत तेलुगू बोलतात. हैदराबादच्या कृष्णानगर भागात सिनेमात काम करणारी माणसं दाटीने राहतात, कामाच्या खबरा चहाच्या टपरीवर मिळतात. रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून आहे. पौराणिक आणि मारधाडीचे सिनेमे तिथे भरपूर होतात, म्हणजे दाढी-जटा, जखमा, राक्षस. ज्या मुलीला पार्लर नको, चेहरा बदलायचा आहे, तिच्यासाठी हेच बरं. तेलुगू येत नसेल तर मात्र अवघड आहे, ते मी लपवत नाही.

नागपूर ब्रायडल

नागपूरला राहा, लग्नसराईत नवऱ्या सजवा, पैसा जमवा, मग कुठंही जा. रामटेककडे चित्रनगरीही जाहीर झाली आहे.

मुक्काम नायगाव

घोषणेच्या भरवशावर खोली घेता येत नाही. आणि नवरी सुंदर दिसली पाहिजे एवढंच तिथे असतं. पात्र कसं घडवायचं ते लग्नाच्या हॉलमध्ये कळत नाही.

झाडीची लेक

नायगावच्या दादांचा कंटिन्युइटीचा मुद्दा वजनदार आहे. पण मी कुठे म्हटलं की तिने जन्मभर वडशात राहावं? दोन हंगाम. होळीनंतर कंपन्या थंडावतात, तेव्हा हैदराबादला किंवा मुंबईला जाऊन अल्जिनेटने (पाण्यात कालवली की घट्ट होणारी पूड) चेहऱ्याचा साचा घेणं, चेहऱ्यावर चिकटवायचे सिलिकॉनचे तुकडे ओतणं हे शिकावं. तोवर म्हाताऱ्याच्या सुरकुत्या कुठे पडतात, घाम आला की डिंक कुठून सुटतो हे तिच्या हाताला ठाऊक असेल. आपल्याकडच्या उन्हात जिलेटिनचा तुकडा कसा लोंबतो ते एसी वर्गात कोण दाखवणार?

आणि पैशाचं. वडशात मामाजींना चुकारा मोडावा लागत नाही. मुंबईत सहा महिने काम नाही मिळालं तर ती घरी परतेल आणि मग तिला कोणी दुसऱ्यांदा पाठवणार नाही. आपल्याकडे मुलींना एकच संधी मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे.

मुक्काम नायगाव

ताई, म्हणूनच म्हणतो की ती एक संधी नाटकात खर्च करू नका. दोन हंगाम म्हणजे दोन वर्षं. तेवढ्यात घरचे स्थळं बघायला लागतील.

मामेबहीण

ताईच्या फोनवरून लिहितेय. लग्नाचं मी बाबांशी बोलली आहे, तेवीसच्या आधी नाही, ते हो म्हणाले. मला जखमा, भाजलेले चेहरे, म्हातारपण हेच करायचंय. नायगावच्या दादांना एक विचारते. यंदाचा हंगाम मी वडशात केला, रोजच्या चेहऱ्यांचे जवळून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवले, तर होळीनंतर तुमच्या सेटवर कोणी ते बघेल का? आणि सिरोंचाच्या दादांना, तेलुगू शिकायला मला किती दिवस लागतील? आमच्या गावात ती बोलणारं कोणीच नाही.

गोदावरीकाठ (सिरोंचा)

कामापुरती तीन-चार महिन्यांत येते. माझी बहीण अहेरीला मास्तरीण आहे, ती फोनवर शिकवेल. आजच विचारतो तिला.

मुक्काम नायगाव

फोटो मी स्वतः आमच्या मेकअप दादांना दाखवीन. पण जाड थर दिसला तर तोंडावर सांगीन. आणि तू यंदाच आली असतीस तर बरं झालं असतं, हे माझं मत कायम आहे.