गोळी लागू पडेपर्यंतचे दिवस: डॉक्टरांनी आधीच सगळं सांगावं का?

मोगरा
आईला नैराश्यावर एस्सिटालोप्राम सुरू केलं. आधी ५ मिलीग्रॅम, मग १०. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवसांनी या." बस, एवढंच. चौथ्या दिवसापासून मळमळ, झोप उडाली, कपबशी हातात धरली की वाजायची. बाराव्या दिवशी तिनं पट्टी माझ्यापुढे ठेवली, "यानं मी जास्तच बिघडले." त्रास आधी, गुण नंतर, हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण यायला सहा ते आठ, हे पहिल्याच भेटीत घरच्यांसमोर सांगितलंच पाहिजे.

कोयनाकाठ
मला नाही पटत. माझ्या वडिलांना सगळं सांगितलं होतं. घरी येऊन त्यांनी खोक्यातला कागद चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पहिली गोळीसुद्धा घेतली नाही. दीड वर्ष तसंच गेलं. आंघोळीला उठायचं बळ नसलेल्या माणसाला दोन महिन्यांचा हिशेब काय सांगता? आधी सुरू तर होऊ दे.

मोगरा
सुरू होतं हो, पण मधेच सुटतं. आईनं बाराव्या दिवशी सोडलंच असतं.

सांजवात
मी औषधाच्या दुकानात बसते. पहिली पट्टी नेणारे कितीतरी जण दुसरी न्यायला येतच नाहीत. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर गोळीचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, पण मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. एवढं समजावलं तरी लोक धीर धरतात. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांच्या घरी न सांगणं धोक्याचं आहे. सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्यात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ साली लहान मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा द्यायला लावला.

कोयनाकाठ
तरुणांचं मान्य, तिथे वादच नाही. पण साठीच्या माणसाला त्रासांची यादी नको. चौथ्या दिवशी दवाखान्यातून एक फोन यावा, "कसं वाटतंय?" वडिलांना तेवढं पुरलं असतं.

मोगरा
फोन करणार कोण? बाहेर बाकावर चाळीस पेशंट बसलेले असतात.

सांजवात
मी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर औषधाच्या पाकिटावर पेनानं लिहून देते. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. गोळी मनानं बंद करू नका, आधी विचारा, एवढंही सांगते.

कोयनाकाठ
नंबर जरूर द्या. यादीला माझा विरोध कायम.