मदत हवी आहे : बिग टेन बास्केटबॉलचा हंगाम नेमका कशाच्या आधारे पाहावा?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील बिग टेन या महाविद्यालयीन कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटाचा, पुरुष बास्केटबॉलचा २०२४-२५ चा हंगाम मी गुणतालिका हाताशी ठेवून पाहिला. तरीही मार्चमध्ये जे घडले त्याचा उलगडा मला झालेला नाही. वेस्ट लाफिएटला, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाच्या गावात राहायला आल्यापासून हा खेळ टाळता येत नाही आणि आता टाळावासाही वाटत नाही. २०२५-२६ चा नवा हंगाम नोव्हेंबरात सुरू होत आहे. एपी वृत्तसंस्थेच्या हंगामपूर्व यादीत पर्ड्यूला पहिला क्रमांक मिळाल्यामुळे सगळे गाव हवेत आहे, म्हणून या वेळी तरी काय पाहायचे हे आधीच समजून घ्यावे असे ठरवले आहे.

माझी अडचण अशी. त्या हंगामात मिशिगन स्टेटने कॉन्फरन्समधील वीसपैकी १७ सामने जिंकून विजेतेपद मिळवले, आणि मेरीलँड व मिशिगन १४-६ अशा कामगिरीसह तीन सामन्यांनी मागे राहिले. त्यांच्या पाठोपाठ यूसीएलए, विस्कॉन्सिन आणि पर्ड्यू हे तिघे १३-७ वर थांबले. इथपर्यंत सर्व सरळ होते. त्यानंतर इंडियानापोलिसला कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा झाली, आणि जो संघ नियमित हंगामात मिशिगन स्टेटकडून दोन्ही वेळा हरला होता, त्या मिशिगनने ती जिंकली. त्याच दिवशी संध्याकाळी ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेची मानांकने (चार विभागांत प्रत्येकी १ ते १६ असे क्रमांक) जाहीर झाली, तेव्हा मिशिगन स्टेटला दुसरे, विस्कॉन्सिनला तिसरे, मेरीलँड आणि पर्ड्यूला चौथे, स्पर्धा जिंकलेल्या मिशिगनला पाचवे आणि यूसीएलएला चक्क सातवे मानांकन मिळाले. तालिकेत विस्कॉन्सिनच्या बरोबरीने असलेला संघ चार पायऱ्या खाली आणि थोड्याच वेळापूर्वी करंडक उचललेला संघ अंतिम सामन्यात हरलेल्या विस्कॉन्सिनपेक्षा दोन पायऱ्या खाली, हे गणित काही केल्या जुळत नाही.

असमान वेळापत्रकाचे मला नवल नाही. आयपीएलमध्येही दहा संघ चौदाच सामने खेळतात, त्यांपैकी पाच प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच गाठ पडते. परंतु तेथे तालिकेतील पहिले चार संघ पुढे जातात आणि विषय संपतो. येथे तालिका असूनही अखेरचा निर्णय दुसरेच कोणीतरी घेते. तेव्हा जाणकारांना विचारतो की, डिसेंबर ते मार्च या काळात आठवड्यामागून आठवडे नेमके कशावर लक्ष ठेवावे? तालिकेला किती महत्त्व द्यावे? आणि सर्व सामने पाहणे शक्य नसेल, तर पाहण्याजोगे सामने कसे निवडावेत?

प्रतिसाद १

आपला प्रश्न योग्य आहे, परंतु त्यात तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र झाल्या आहेत. नियमित हंगामाचे विजेतेपद तालिका ठरवते. कॉन्फरन्स स्पर्धेचा विजेता चार-पाच दिवसांत ठरतो आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. २०२४-२५ मध्ये अशा थेट प्रवेशाच्या ३१ जागा होत्या. उरलेल्या जागा (त्या हंगामात ३७) आणि सर्वच्या सर्व मानांकने निवड समितीच्या हाती असतात. ही समिती कॉन्फरन्समधील वीस सामन्यांची तालिका समोर ठेवून बसत नाही. ती संपूर्ण हंगाम पाहते, आणि त्यात नोव्हेंबर-डिसेंबरमधील कॉन्फरन्सबाहेरचे दहा-अकरा सामनेही येतात.

आता आपलेच उदाहरण घेऊ. विस्कॉन्सिनने नोव्हेंबरात ॲरिझोनाला १०३-८८ असे हरवले होते आणि त्या सामन्यात जॉन टोंजे याने एकट्याने ४१ गुण केले होते. मार्चमधील स्पर्धेत त्यांनी चार दिवसांत चार सामने खेळले, वाटेत यूसीएलए आणि मिशिगन स्टेट या दोघांना बाहेर काढले आणि अंतिम सामना ५९-५३ असा गमावला. मिशिगनची गोष्ट उलटी होती. स्पर्धेपूर्वीचे त्यांचे शेवटचे तिन्ही सामने ते हरले होते. शिवाय अंतिम सामना रविवारी दुपारी संपतो आणि गटवारी त्याच संध्याकाळी जाहीर होते, त्यामुळे त्या एका विजयाने समितीचे मन फारसे बदलत नाही, असे माझे मत अनेक वर्षांच्या निरीक्षणातून झाले आहे. मेरीलँडबाबत सांगायचे तर त्यांचे कॉन्फरन्सबाहेरचे वेळापत्रक हलके होते. समिती अशा संघांना फार वर नेत नाही. यूसीएलएला सातवे मानांकन हे मात्र मलाही कठोर वाटले होते, कारण डिसेंबरात त्यांनीही ॲरिझोना आणि गोंझागाला हरवले होते.

समितीपुढे प्रत्येक संघाचे एक माहितीपत्रक असते आणि त्याची मांडणी नेट या क्रमवारीवर आधारलेली असते. ही क्रमवारी २०१८-१९ पासून जुन्या आरपीआय पद्धतीच्या जागी आली. तिच्या आधारे प्रत्येक सामना चारपैकी एका गटात टाकला जातो, आणि येथे मैदानाला फार महत्त्व आहे. पहिल्या गटात घरच्या मैदानावर पहिल्या ३० क्रमांकांतील, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधील आणि परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधील संघाविरुद्धचे सामने मोडतात. म्हणजे सत्तराव्या क्रमांकाच्या संघाला त्याच्या मैदानावर जाऊन हरवणे हे चाळिसाव्या क्रमांकाच्या संघाला आपल्या घरी हरवण्यापेक्षा वरच्या गटात मोजले जाते. पर्ड्यूच्या मॅकी अरीनात चौदा हजारांहून अधिक प्रेक्षकांचा गजर आपण ऐकला असेलच. पाहुण्या संघाचा फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारी मोकळी फेक) घेणारा खेळाडू ज्या आवाजाला तोंड देतो, त्याची किंमत या पद्धतीत धरलेली आहे.

यात एक खोच आहे. सामन्याचा गट प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यादिवशीच्या क्रमांकावरून ठरत नाही, आजच्या क्रमांकावरून ठरतो. त्यामुळे डिसेंबरात पहिल्या गटात असलेला विजय फेब्रुवारीत काहीही न करता दुसऱ्या गटात घसरू शकतो. आपण एखाद्या संघाला हरवले असेल, तर पुढे तो जिंकत राहावा अशीच इच्छा धरावी लागते. माझ्या मते या खेळातील सर्वांत विनोदी भाग हाच.

असमान वेळापत्रकाबद्दल आपण विचारलेच आहे, तर तेही सांगतो. २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन सामील झाल्यावर बिग टेनमध्ये अठरा संघ झाले. सतरा प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांशी दोनदा आणि चौदांशी एकदा, असे वीस सामने होतात. पर्ड्यू आणि इंडियाना किंवा मिशिगन आणि मिशिगन स्टेट अशा जुन्या वैऱ्यांच्या जोड्या दरवर्षी दोनदा भिडतात, बाकीचे वेळापत्रक फिरते. ज्याच्या वाट्याला दुबळे तिघे दोनदा आले त्याची तालिका फुगते, आणि तालिका पाहून ते कळत नाही. यासाठी २०२४-२५ पासून माहितीपत्रकात डब्ल्यूएबी नावाचा आकडा आला आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर असलेल्या एखाद्या संघाला हेच वेळापत्रक दिले असते, तर त्याने जितके सामने जिंकले असते त्यापेक्षा या संघाने किती अधिक किंवा किती कमी जिंकले, हे तो सांगतो. एकच आकडा पाहायचा असेल तर हा पाहावा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील माहिती अचूक आहे, परंतु सल्ल्याशी मी सहमत नाही. आकडे पाहण्यासाठी समिती आहे, आपण प्रेक्षक आहोत. राष्ट्रीय स्पर्धेत एका रात्रीत काय होईल याचा भरवसा नसतो. २०२३ मध्ये पर्ड्यूने बिग टेनचे नियमित विजेतेपद आणि कॉन्फरन्सची स्पर्धा दोन्ही जिंकली, पहिले मानांकन मिळवले आणि पहिल्याच सामन्यात सोळावे मानांकन असलेल्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा पराभव पत्करला. पुढच्याच वर्षी तोच संघ, तोच ७ फूट ४ इंची झॅक ईडी आणि तेच प्रशिक्षक मॅट पेंटर राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. या दोन्ही वर्षी त्यांचा खरा दर्जा दाखवला तो कॉन्फरन्सच्या तालिकेनेच.

शिवाय तळाची शर्यत आकड्यांच्या नादात दिसतच नाही. धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या हंगामात नॉर्थवेस्टर्न, मिनेसोटा, यूएससी, आयोवा आणि नेब्रास्का हे पाचही संघ ७-१३ वर संपले. कॉन्फरन्स स्पर्धेत त्या वेळी पंधराच संघांना प्रवेश होता, म्हणून पाचांपैकी एकाला घरी बसणे भाग होते. अशी बरोबरी सोडवताना आधी त्या संघांचे आपापसांतील सामने मोजतात, तेवढ्याने सुटले नाही तर तालिकेतील वरच्या संघांविरुद्धची कामगिरी क्रमाने पाहत खाली येतात. त्यात नेब्रास्का बाहेर गेले, आणि त्या संघाने मग लास व्हेगासमध्ये भरलेली कॉलेज बास्केटबॉल क्राउन ही नवी स्पर्धा जिंकून दाखवली. जानेवारीतला एखादा कंटाळवाणा वाटणारा सामना मार्चमध्ये कसा अंगावर येतो, हे पाहण्यासाठी मी तरी तालिकाच पाहतो. २०२६ च्या मार्चमध्ये शिकागोच्या स्पर्धेत अठराही संघ खेळणार असल्याने हा थरार संपणार, याचे मला वाईट वाटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. समितीचा निर्णय तालिकेपासून वेगळा का असतो हे आता समजले. बरोबरीचे नियम वाचल्यावर पुढचा प्रश्न पडला आहे. तालिकेच्या वरच्या भागात चौथा आणि पाचवा क्रमांक यांत खरोखर काही फरक पडतो का? दुसरे असे की, येथील सहकारी एकेका चेंडूच्या ताब्यामागील गुणांबद्दल बोलतात, ते काय प्रकरण आहे?

प्रतिसाद १ कडून उत्तर

चौथ्या आणि पाचव्या क्रमांकांत मोठा फरक आहे. पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पुढे चाल मिळते, म्हणजे तीन दिवसांत तीन सामने जिंकले की करंडक हाती येतो. पाचव्या क्रमांकाला चार दिवसांत चार सामने खेळावे लागतात. विस्कॉन्सिन त्या हंगामात पाचवेच होते, आणि अंतिम सामन्यात त्यांच्या पायांत तो चौथा दिवस दिसत होता. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस तालिकेत तिसऱ्या ते सातव्या क्रमांकावर असलेल्या संघांचे आपापसांतील सामने सोडू नयेत. आपल्या पाहण्याजोग्या सामन्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच आहे.

ताब्यामागील गुणांचे कारण सोपे आहे. महाविद्यालयीन सामना वीस मिनिटांच्या दोन भागांत खेळला जातो आणि प्रत्येक ताब्यात तीस सेकंदांच्या आत फेक करावी लागते. काही संघ धावत सुटतात, काही पूर्ण तीस सेकंद घेतात. संथ संघाने ५९ गुण दिले म्हणून त्याचा बचाव उत्तम ठरत नाही, कारण ताबेच कमी झालेले असतात. म्हणून शंभर ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले, हे प्रतिस्पर्ध्याचा कस लक्षात घेऊन मोजतात. आकडेतज्ज्ञ केन पोमरॉय यांची क्रमवारी या पद्धतीमुळेच प्रसिद्ध झाली. सामना पाहताना एवढे करावे : मध्यंतराला दोन्ही संघांचे चेंडू गमावणे आणि आक्रमणातील रिबाउंड (आपलीच चुकलेली फेक परत पकडणे) पाहावेत. ज्या संघाची फेक चुकते आहे तरी तो टिकून आहे, त्याचे कारण बहुधा या दोन रकान्यांत सापडते. फाऊलही मोजावेत. एका भागात प्रतिस्पर्ध्याचे सात फाऊल झाले की फ्री थ्रोची संधी मिळू लागते, दहाव्या फाऊलपासून सरळ दोन फेकी मिळतात, आणि ज्याचा मुख्य उंच खेळाडू पाच फाऊल होऊन बाहेर बसतो त्याची अखेरची पाच मिनिटे फार लांब होतात.

प्रतिसाद ३

मी पुण्याहून हे सामने पाहतो, त्यामुळे वेळेबद्दल थोडे लिहितो. हिवाळ्यात पूर्व अमेरिकेतील सायंकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील घड्याळ पुढे जाते आणि तोच सामना साडेचारला येतो, म्हणजे नेमक्या कॉन्फरन्स स्पर्धेच्या आठवड्यात झोप आणखी एक तास कमी होते. पश्चिम किनाऱ्यावरचे संघ आल्यापासून मात्र त्यांच्या घरच्या मैदानावरील काही सामने आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास असतात, ही नव्या रचनेची एकमेव गोष्ट मला आवडते. वयस्कर चाहते तिला नावे ठेवतात, परंतु ज्या जॉन वुडन यांनी यूसीएलएला दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली ते स्वतः पर्ड्यूचे खेळाडू होते, हे लक्षात घेतले तर यूसीएलए आणि पर्ड्यू यांचा सामना तितका परका वाटत नाही.

धागाकर्ते अमेरिकेत असल्याने त्यांना एवढेच सांगतो की सामने फॉक्स, सीबीएस, एनबीसी आणि बिग टेन नेटवर्क यांच्यात विभागलेले असतात, आणि काही केवळ पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर असतात. महिन्याचे वेळापत्रक आधी पाहून मगच वर्गणी भरावी.

प्रतिसाद २ कडून पुन्हा

हंगामपूर्व यादीबद्दल एक सूचना. २०२१ पासून खेळाडूंना पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळता येऊ लागले, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून नाव व प्रतिमेच्या बदल्यात त्यांना पैसेही मिळू लागले. परिणामी कित्येक संघ दर उन्हाळ्यात निम्मे बदलतात, आणि ऑक्टोबरातील यादी ही जुन्या नावांवरची अटकळ ठरते. पर्ड्यू त्याला काहीसे अपवाद आहे, कारण २०२४-२५ मध्ये बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ब्रेडन स्मिथ परतला आहे. तरीही पहिला क्रमांक डोक्यात ठेवून पाहू नका. डिसेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सचे दोन सामने उरकून घेतात आणि मग जानेवारीपर्यंत खंड पडतो. त्या दोनांपैकी परक्या मैदानावरचा सामना आपला संघ कसा खेळतो, तेथून वही उघडावी.

धागाकर्ता

ठरले तर मग. तालिका दर सोमवारी, डब्ल्यूएबी महिन्यातून एकदा, आणि परक्या मैदानावरचे सामने शक्यतो एकही न चुकवता. इंडियानाविरुद्धचे दोन्ही सामने तर येथे राहून चुकवण्याची सोयच नाही. महिलांच्या बिग टेनबद्दलही हेच निकष लागू होतात का, याविषयी कोणी लिहिले तर वाचायला आवडेल, कारण केटलिन क्लार्कच्या आयोवातील वर्षांनंतर आमच्या घरी तो हंगामही तितक्याच आवडीने पाहिला जातो.