३ दिवसांत ४ मॅचेस, १५ वर्षांखालची टीम: कुणाला किती मिनिटं खेळवायचं?

तालमीचा_कोच

नमस्कार मंडळी. एप्रिलअखेर कोल्हापुरात एका फुटबॉल स्पर्धेत आमची १५ वर्षांखालची टीम उतरतेय. ३५-३५ मिनिटांचे हाफ, ३ दिवसांत ४ मॅचेस. मधल्या दिवशी सकाळी ८ ला एक आणि दुपारी ४ ला दुसरी. १८ पोरं, त्यात २ गोलकीपर. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची मुभा आहे.

मोठे खेळाडू मॅचमध्ये १०-१२ किमी पळतात, तर या वयाच्या पोरांवर नेमका किती भार येतो? दम वाढावा म्हणून रोज सकाळी ५ किमी पळवा असं जुने खेळाडू सांगतात, ते करावं का? दोन मॅचच्या मधे खायला काय द्यावं? आणि तिघांची टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, त्यांना उतरवावं का? स्पर्धेला ५ आठवडे आहेत.

बॉक्स_टू_बॉक्स

कोच, किलोमीटरचा आकडा ऐकायला भारी आहे, पण कामाला कमी येतो. व्यावसायिक मिडफिल्डर (मधल्या फळीचा खेळाडू) ११-१२ किमी जातो, सेंटर बॅक (मधला बचावपटू) १० च्या आसपास, गोलकीपर ५ च्या आसपास. त्यातलं बरंचसं चालणं आणि हळू पळणंच असतं. ताशी २५.२ किमीच्या वरचा खरा स्प्रिंट साधारण २००-३०० मीटरच भरतो. खेळाडू थकतो तो वेगळ्याच गोष्टीने. एका मॅचमध्ये हजारावर वेळा हालचाल बदलते, म्हणजे दर ४-६ सेकंदांनी थांबणं, वळणं, उडी, पुन्हा सुटणं. हृदयाचे ठोके सरासरीने कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतात. वेगात असताना ब्रेक मारला की मांडीच्या स्नायूला ताणला जात असतानाच जोर लावावा लागतो. दुसऱ्या दिवशी पाय आखडतात ते मुख्यतः यामुळे, आणि अंतराच्या आकड्यात ते दिसतच नाही.

१४-१५ ची पोरं मिनिटाला साधारण १०० मीटर कापतात, म्हणजे तुमच्या ७० मिनिटांत ७ किमीच्या घरात. मिनिटामागे पाहिलं तर ती मोठ्यांच्या फार मागे नाहीत, फरक आहे तो वरच्या वेगात. म्हणून मोठ्यांची वेगाची मापं पोरांना लावू नका. ज्याचा कमाल वेगच ताशी २४ किमी आहे, तो जीव तोडून पळाला तरी २५.२ च्या हिशेबाने त्याचा स्प्रिंट शून्यच लागणार. प्रत्येकाला ३० मीटर पळवा आणि शेवटच्या १० मीटरचा वेळ घ्या. १.५ सेकंद म्हणजे ताशी २४ किमी. हाताने घड्याळ दाबू नका, ०.१ सेकंदाच्या चुकीने वेग ताशी दीड किमीने हलतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढा. त्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवरचं पळणं हा त्या पोराचा स्प्रिंट.

रोजचे ५ किमी नकोत. त्यात एकदाही ब्रेक मारावा लागत नाही आणि वळावं लागत नाही, फक्त टाचांवर हजारो आदळे बसतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा ४ विरुद्ध ४, मैदान ३० × २० मीटर, ४ मिनिटांचे ४ डाव, मधे ३ मिनिटं विश्रांती. बाजूला ५-६ बॉल ठेवा. बॉल बाहेर गेला आणि तो आणण्यात वेळ गेला की ठोके खाली येतात आणि डावाचा अर्थच जातो. एक गोष्ट मात्र यात होत नाही: इतक्या छोट्या जागेत पूर्ण वेग गाठताच येत नाही. आणि ज्या पायाने महिनाभर पूर्ण वेग पाहिलेला नाही, त्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) मॅचमधल्या पहिल्याच लांब बॉलवर धरतो. म्हणून आठवड्यातून एकदा, वॉर्मअपनंतर ताज्या पायांनी, ३० मीटरचे ४-५ पूर्ण स्प्रिंट, प्रत्येकामागे ३ मिनिटं विश्रांती.

वॉर्मअपला 'फिफा ११+' घ्या, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी फिफाने ठरवून दिलेला वॉर्मअप. १५ व्यायाम, २० मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. मॅचच्या दिवशी त्यातले फक्त पळण्याचे भाग करायचे, मधला ताकदीचा भाग सोडायचा.

वाढीचं_वय

मी फक्त टाच-गुडघ्याबद्दल लिहितो, कारण या प्रश्नात सगळ्यात महागात पडेल असं तेच आहे.

मुलांची उंची सरासरी १४ च्या आसपास सर्वात झपाट्याने वाढते, वर्षाला ८-१० सेंमीसुद्धा. हाड आधी लांबतं, स्नायू मागून येतो. तोवर स्नायूची दोरी हाडाच्या अजून मऊ असलेल्या वाढीच्या जागेवर ओढत राहते. या दुखण्यांना नावं आहेत: टाचेत दुखलं तर सेव्हर, वाटीखालच्या उंचवट्यावर दुखलं तर ऑसगुड-श्लॅटर. स्प्रिंट, ब्रेक आणि शॉट मारणं, तिन्हींत ही ओढ वाढते.

पोरांचा दम मोठ्यांपेक्षा लवकर भरून येतो, आणि इथेच कोच फसतो. १० मिनिटांत पोरगं टवटवीत दिसतं, 'सर, खेळतो' म्हणतं, पण वाढीच्या जागेवर बसलेला ताण १० मिनिटांत उतरत नाही.

तिघांना रोज विचारा, दुखणं ० ते १० मध्ये किती. ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी उतरलेलं असेल तर अर्धी मॅच चालेल. ४ किंवा वर गेलं, किंवा पोरगं लंगडलं, तर त्या दिवशी बूट काढायचे. पेनकिलर देऊन उतरवू नका, दुखणं हीच आपल्याकडची एकमेव खूण आहे. टाचवाल्यांना बुटात टाचेखाली जेलचं पॅड द्या. एप्रिलमध्ये मैदान दगडासारखं होतं, तेव्हा बुटाच्या तळाला लांब स्टडऐवजी (खुंट्यांऐवजी) टर्फ शूज किंवा आखूड रबरी स्टड.

डॉक्टरांकडे लगेच कधी न्यायचं? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, 'कट्' आवाज होऊन अचानक आलेली कळ. आणि एक हमखास चुकतं ते: गुडघा किंवा मांडी दुखतेय म्हणणारं पोरगं लंगडतंय आणि त्याचा पाय खुब्यातून आत वळत नाही. अशा वेळी गुडघा तपासत बसू नका. खुब्याच्या हाडाची वाढीची चकती सरकलेली असू शकते. त्याला त्या पायावर भार देऊ न देता त्याच दिवशी एक्स-रेला न्या.

दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची मोजा, सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीशी. तीन महिन्यांत २ सेंमी किंवा जास्त वाढलेल्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांच्या उड्या आणि स्प्रिंट कमी करा, बॉलवरचं काम ठेवा.

केळं_आणि_लिंबू

खाण्याचं सोपं आहे. ५० किलोच्या पोराला मॅचच्या ३ तास आधी ५० ते १०० ग्रॅम कर्बोदकं हवीत. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ४५ ग्रॅम असतात, वर दोन केळी घेतली की झालं. सकाळी ८ च्या मॅचला ५ ला उठवून खायला घालण्यापेक्षा आदल्या रात्री भात-वरण पोटभर द्या आणि सकाळी साडेसहाला केळं आणि गूळ-चपाती.

मधल्या दिवशी पहिली मॅच संपल्यावर तासाभरात दोन केळी आणि ताक, साडेअकराच्या आत वरण-भात-दही, अडीचला पुन्हा एखादं केळं. मिसळ, वडा आणि तांबडा-पांढरा स्पर्धा संपल्यावर. तेल-तिखटाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि चारच्या मॅचला ते पोटात तसंच असतं.

पाण्याचा हिशेब वजनकाट्याने करा. मॅचआधी आणि नंतर, घाम पुसून, फक्त चड्डीवर वजन. ५० किलोच्या पोराचं १ किलो उतरलं म्हणजे २ टक्के, तिथून खेळ घसरतो. जेवढं उतरलं त्याच्या दीडपट, म्हणजे १.५ लिटर, पुढच्या ४ तासांत थोडं थोडं प्यायला द्या. नुसतं पाणी नको. १ लिटरमध्ये ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचाच, मीठ जास्त झालं तर उलटी होते.

तालमीचा_कोच

सगळ्यांचे आभार. ५ किमी बंद करतो. आता मिनिटांचं सांगा. पहिल्या ११ पैकी कुणी बाहेर बसायला तयार होत नाही, आणि पालकही.

बॉक्स_टू_बॉक्स

मग त्यांना आकडेच दाखवा. गोलकीपर सोडून १० जण × ७० मिनिटं = ७००. चार मॅचचे २८००. १६ पोरांत वाटले तर प्रत्येकी १७५. तेच १० जण सगळं खेळले तर प्रत्येकी २८०, तेही साधारण ५५ तासांत. व्यावसायिक संघ एका मॅचनंतर पूर्ण भरून यायला ७२ तास लागू शकतात असं धरून चालतात.

मी कुणालाही २१० च्या वर नेणार नाही, आणि मधल्या दिवशी दोन्ही मॅच मिळून ८० च्या वर तर नाहीच. वाढीची खूण असलेल्यांना एकूण १२०. विंगर (कडेने चढाई करणारे) आणि साइड बॅक (कडेचे बचावपटू) आधी बदला, स्प्रिंट त्यांच्याच वाट्याला जास्त येतात. सेंटर बॅक जास्त वेळ टिकतो. बदल दर १५-२० मिनिटांनी, आणि आत जाणाऱ्याने आधी ५ मिनिटं लाइनीशेजारी पळून दोन पूर्ण स्प्रिंट मारलेले असावेत. बाकावरून थंड पायांनी थेट आत पाठवलं की मांडी धरते.

दुपारच्या मॅचला वॉर्मअप १० मिनिटांत संपवा, सावलीत. रेफरीला आधीच भेटून प्रत्येक हाफच्या मधे पाण्यासाठी थांबायला सांगून ठेवा. नियमात त्याला जागा आहे: साध्या पाण्याच्या ब्रेकला १ मिनिटापर्यंत, उन्हामुळे घेतलेल्या कूलिंग ब्रेकला दीड ते ३ मिनिटं.

तिसऱ्या सकाळी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: झोप किती, पाय किती जड, दुखतंय कुठे. मग हातात खडू देऊन भिंतीशी तीन उड्या, प्रत्येक उडीत हात पोचेल तिथे खूण. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या उडीपेक्षा खूण ३-४ सेंमी खाली आली आणि पायही जड म्हणाला, तर तो दुसऱ्या हाफला.

वाढीचं_वय

आदल्या दिवशीच्या उडीची नोंद दोनदा करून ठेवा, दोन वेगळ्या वेळी. पहिल्यांदा पोरं खडूच्या नादात नीट उडी मारत नाहीत, आणि तो आकडा कमी लागला तर तिसऱ्या सकाळी सगळेच ताजे दिसतील.