माइनक्राफ्ट गेम: कंपॅरेटरचा अ‍ॅडर (बेरीज करणारं सर्किट) छोटा झाला, पण १+१ ला सम (बेरजेचा दिवा) पेटतो

रेडस्टोन_मुलुंड:
माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये रेडस्टोनने (गेममधल्या विजेने) ८ बिटांचा अ‍ॅडर बांधतोय. रेडस्टोन टॉर्चचा (सिग्नल उलटा करणाऱ्या) एक्सऑर (दोनपैकी एकच इनपुट १ असेल तर १ देणारं गेट) फार जागा खातो, म्हणून सब्ट्रॅक्ट मोडचे (मागच्या सिग्नलमधून बाजूचा वजा करणारे) दोन कंपॅरेटर घेतले: एक ए या इनपुटमधून बी वजा करतो, दुसरा बी मधून ए. ०+१ बरोबर येतं. १+१ ला कॅरीबरोबर (हातच्याबरोबर) समचा लॅम्पही पेटतो, तो विझलेला हवा. काय तपासू? रिपीटर (सिग्नल पुन्हा पूर्ण ताकदीचा करणारे) शक्यतो नकोत, रुंदी वाढते.

तर्कद्वार_गिरगाव:
दोन्हीकडची डस्ट (सिग्नल नेणारी रेडस्टोनची रेघ) मोजा. सिग्नलची ताकद जास्तीत जास्त १५, दर ब्लॉकला ती १ ने उतरते. एक १५ ने पोचला, दुसरा १३ ने, तर २ उरतात, आणि लॅम्पला १ सुद्धा पुरतो. लांबी सारखी करा.

लॅमिंग्टन_काका:
त्याने पहिला एक्सऑर (ए आणि बीचा) सुधारेल, दुसरा (त्याचं उत्तर आणि आलेला कॅरी यांचा) नाही.

पॉलिटेक्निकात शिकवायचो तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ७४८६ (एक्सऑर) आणि ७४०८ (अँड) या चिप आणून मुलांकडून ब्रेडबोर्डवर फुल अ‍ॅडर (आलेला कॅरीही मिळवणारा) करून घ्यायचो. टीटीएलमध्ये (या चिपांच्या प्रकारात) इनपुट २ व्होल्टच्या वर असलं की ते १ च, आणि प्रत्येक गेट पुढे ताजा सिग्नल देतं. तुझा कंपॅरेटर ताजा करत नाही, उरलेला आकडा तसाच पुढे ढकलतो. दुसऱ्या एक्सऑरला कॅरी किती ताकदीने पोचेल हे दर बिटाला वेगळं. तिथे दोन्ही इनपुटांना रिपीटर हवाच. ०.१ सेकंद जाईल, जाऊ दे.

जागा कॅरीत वाचव. आलेला कॅरी कंपॅरेटरच्या मागून घाल, बाजूने पहिल्या एक्सऑरचं उलटं उत्तर दे. एक्सऑर १ असेल तर कॅरी पार होतो, नाहीतर तिथेच थांबतो. उलटं करणारा टॉर्च बाजूला थेट चिकटवू नकोस, कंपॅरेटर तो मोजत नाही. मध्ये एक डस्ट हवी. ए आणि बी दोन्ही १ असताना तयार होणारा कॅरी पुढच्या डस्टला जोडलास की ऑर (दोन्हीपैकी कुठलाही कॅरी आला तरी १) झालाच.

दर बिटामागे सिग्नल २ ने उतरला तर ८ बिटांना १६ लागतात, आहेत १५. मधे एक रिपीटर टाक. मग २५५+१ कर: आठही लॅम्प विझून शेवटचा कॅरी पेटला पाहिजे. १७०+८५ ला याच्या उलट.

रेडस्टोन_मुलुंड:
काका, दोन्ही बरोबर आले! रिपीटर चौथ्या बिटानंतर टाकला. आता बिट एकमेकांवर रचले तर चालेल का?

तर्कद्वार_गिरगाव:
चालेल, पण डस्ट खालच्या अख्ख्या ब्लॉकला पॉवर देते आणि त्याला लावलेला टॉर्च विझतो. अशा जागी वरच्या अर्ध्यातला स्लॅब (अर्धा ब्लॉक) ठेवा, त्याला पॉवर जात नाही.