टमोरा पिअर्सच्या टॉर्टाल मालिका: डेन वगळून थेट केल वाचली तर चालेल का?

भाची बारा वर्षांची आहे, इंग्रजी सराईतपणे वाचते. टॉर्टाल या काल्पनिक राज्यात मुलगा असल्याचं सोंग घेऊन सरदारकीचं शिक्षण घेणाऱ्या अलानाची चारही पुस्तकं (१९८३ ते १९८८) तिने महिन्याभरात संपवली. आता पुढचं हवंय, आणि तेही लगेच!

प्रकाशनाच्या क्रमाने पुढे प्राण्यांशी बोलणारी डेन येते (१९९२ ते १९९६). जादू भरपूर, भाचीला नक्की आवडेल. पण शेवटच्या भागात डेन आणि वयाने बराच मोठा असलेला तिचा शिक्षक न्युमेर यांचं प्रेम जुळतं. ते मला खटकतं, ताईला तर त्याहून जास्त. म्हणून ही मालिका दोनेक वर्षं मागे ठेवायचा विचार आहे.

त्यानंतरची केल (१९९९ ते २००२) उघडपणे मुलगी म्हणून शिकायला जाते. तिच्याकडे स्वतःची जादू नाही, पण जिद्द अशी की मला तरी अलानापेक्षा तीच जास्त आवडेल असं वाटतं. पहिला भाग चाळून पाहिला, तर त्यात डेन आणि न्युमेर दोघंही आहेत, आणि अमर प्राण्यांचा (डेनच्या मालिकेतल्या जादुई जीवांचा) उल्लेख वाचकाला सगळं ठाऊक असल्यासारखा येतो.

ऑनलाइन याद्या पाहिल्या, सगळीकडे फक्त 'क्रमाने वाचा' एवढंच. टॉर्टालचीच बेका कूपरची मालिका सुमारे दोनशे वर्षं आधीच्या काळात घडते, पण ती थोड्या मोठ्या मुलांसाठी वाटली. ई-बुक नको, छापील पुस्तकंच घ्यायची आहेत, म्हणून केलचे चारही भाग मागवण्याआधी विचारतेय.

ज्यांनी दोन्ही मालिका वाचल्यात त्यांनी सांगा: डेन न वाचता केल नीट समजते का, आणि केल आधी वाचल्याने डेनच्या गोष्टीतलं नेमकं काय फुटतं?